चपला करणाऱ्या घरातल्या पोरानं स्पोर्ट्स शूजचा डिझायनर व्हायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची?

अथणीचा_पोरगा

नमस्कार. इथलं नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी अथणी तालुक्यातला. आमच्यात कोल्हापुरी चपला करतात. आज्जा करायचा, आता बाबा करतात. बाबा तळ कापतात, खोट लावतात, वादीनं शिवतात. आई आणि काकू वेणी घालतात, पट्ट्यावरची नक्षी करतात. माझी शाळा कन्नड, घरात मराठी. बी.कॉम. झाल्यावर बेळगावला आलो, अनगोळला खोली घेतली आणि एका जर्सी छापणाऱ्याकडे कोरल ड्रॉवर काम करूलालोय. कबड्डीचे संघ, हाफपिच क्रिकेटच्या टूर्नामेंट, शिवजयंती, गणपतीतले मंडळांचे टी-शर्ट, सगळं येतं. मालक चांगला आहे, पगार वेळेवर देतो. पण आलेलं गिऱ्हाईक मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी क्लबची जर्सी दाखवतं आणि म्हणतं, अशीच कर, फक्त नाव आमचं घाल. रात्री खोलीवर येऊन मी बूट काढत बसतो. वह्या भरल्यात.

मध्यंतरी ड्वेन एडवर्ड्स या अमेरिकन डिझायनरबद्दल वाचलं आणि झोप उडाली. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवूडचा कृष्णवर्णीय मुलगा. शाळेतल्या समुपदेशकानं त्याला सांगितलं, इंगलवूडचा काळा पोरगा बुटांचा डिझायनर होत नसतो, तू सैन्यात जा. कॉलेजला जायला पैसे नाहीत. म्हणून एल.ए. गिअर या बुटांच्या कंपनीत फायली लावायच्या तात्पुरत्या कामावर लागला. तिथं सूचनापेटी होती. हा रोज एका बुटाचं चित्र काढून त्या पेटीत टाकायचा. सहा महिने. शेवटी मालकानं बोलावून घेतलं आणि १९८९ साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो डिझायनर झाला. पुढं नाईकीत, बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाच्या जॉर्डन ब्रँडपर्यंत पोचला. नंतर कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळाच काढली म्हणे.

आता माझं. मागं बेंगळुरूला एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. वडील काय करतात विचारलं, मी सांगितलं. समोरचा माणूस 'ओ, मोची' एवढंच बोलला आणि माझी वही पुढं पुढं उलटत गेला. कोल्हापुरीची पानं तर बघितलीच नाहीत. म्हणाला, खऱ्या फुटवेअरचं काही असेल तर दाखव.

तेव्हापासून डोक्यात तेच. घरचं काम सांगायचं की लपवायचं? शिकायला जायचं तर कुठं? आणि एडवर्ड्सनं त्यांच्या मुलांसाठी जे उभं केलं तसलं आपल्याकडं, आपल्या सीमाभागात, कुणी काही करूलालंय का? मला एकट्यानं हे जमेल असं वाटत नाही.

हुबळी_पॅटर्नवाला

शिक्षणाचं तेवढं सांगतो, बाकी जाणकार बोलतील.

फुटवेअरसाठी केंद्र सरकारची एफडीडीआय म्हणून संस्था आहे. २०१७ च्या कायद्यानं तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळालाय. आपल्याला सोयीची शाखा हैदराबादची, चेन्नईलाही आहे. तुझं बी.कॉम. झालंय, तर पदवीनंतरचे कोर्स बघ, आणि प्रवेश परीक्षेची तारीख चुकवू नको. अनुसूचित जातीसाठी जागा आणि शिष्यवृत्ती असतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐनवेळी तहसीलमध्ये अडकतो माणूस.

निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेतही लेदर डिझाईन आहे, चेन्नई आणि दिल्लीला. फी जास्त पडते. माझं प्रामाणिक मत सांगू? आधी वर्षभर पॅटर्न कटिंग, म्हणजे बुटाचे भाग कागदावर मापानं काढून कापायचं, शीक. तमिळनाडूत आंबूर, राणीपेट पट्ट्यात पॅटर्न मास्तरला मागणी आहे. ज्याला पॅटर्न येतो त्याचं चित्र खोटं पडत नाही.

निपाणीची_ताई

पोरा, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी निपाणीची. माझे वडील आठवडी बाजारात चपला घेऊन बसायचे, हिशेब मी ठेवायचे. पुढं चेन्नईला शिकले, आंबूरकडच्या कारखान्यात पॅटर्नवर होते, मग बेंगळुरूला स्पोर्ट्स फुटवेअर डिझाईन केलं. आता बेळगावात टिळकवाडीला राहून बाहेरची कामं घेते. एडवर्ड्सवर माझा फार जीव आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

सूचनापेटीची गोष्ट सगळेच सांगतात, कारण ती ऐकायला छान आहे. जिद्द ठेवा, रोज काढा, दार उघडेल. पण तू त्या माणसाचं २०१० साल बघ. तोवर तो जॉर्डन ब्रँडमध्ये डिझाईन डायरेक्टर होता. एअर जॉर्डनचा एकविसावा बूट, २००६ चा, त्याचा. बाविसावा, २००७ चा, तोही त्याचा, अमेरिकेच्या एफ-२२ लढाऊ विमानावरून सुचलेला. या धंद्यात त्याहून वरची खुर्ची फारशी नाही. तिथं बसलेला माणूस ऑरेगन विद्यापीठात मुलांचा एक वर्ग घेतो, आणि त्या वर्गानंतर त्याला ती खुर्ची पुरेनाशी होते. नोकरी सोडतो आणि पोर्टलंडला पेन्सोल नावाची अकादमी काढतो.

ती त्यानं कशी चालवली ते नीट बघ, कारण तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मुलांकडून फी नाही. पैसे कंपन्यांनी घालायचे. का घालायचे? तर त्यांनाच पुढं तयार डिझायनर लागणार आहेत म्हणून. निवड वहीवर, बापाच्या ऐपतीवर नाही. वर्ग छोटा. काही आठवड्यांचा कोर्स, पण रोज बारा-चौदा तास. कंपनी खरं काम देणार, अमुक खेळाडूसाठी, अमुक किमतीत, अमुक दुकानात विकला जाईल असा बूट. मुलांनी आधी खेळाडू समजून घ्यायचा, मग पेन्सिल. रंग आणि मटेरियल बघणारा वेगळा, बूट काढणारा वेगळा, सगळ्यांनी मिळून एक माल उभा करायचा. कारखान्यात आणि कंपनीत जसं चालतं अगदी तसं. म्हणून त्याची मुलं नोकरीला लागली की पहिल्या दिवसापासून कामाची असतात.

त्याच्या आधीचा माणूसही तुला माहीत असायला हवा. विल्सन स्मिथ. नाईकीचा पहिला कृष्णवर्णीय डिझायनर. शिक्षण वास्तुकलेचं, १९८३ मध्ये कंपनीत आला. पुढं टेनिसमध्ये अगासीचे बूट केले, जॉर्डनचा सोळावा आणि सतरावा केला. नंतर ऑरेगन विद्यापीठात शिकवायला लागला. एडवर्ड्सनंतर जेसन मेडन आला, शिकागोचा, एअर जॉर्डन २००९ त्याचा. स्मिथ, एडवर्ड्स, मेडन. बास्केटबॉलच्या कोर्टवर बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय, बूट घ्यायला रांगा लावणारी पोरं कृष्णवर्णीय, आणि ड्रॉइंग टेबलावर मोजकी माणसं. एडवर्ड्स मुलाखतींत हेच पुन्हा पुन्हा सांगत आला आहे, की जे ही संस्कृती घडवतात ते या टेबलावर दिसत नाहीत.

आपलं उलट आहे, आणि म्हणून जास्त जाचतं. त्यांच्याकडं घालणारे त्यांचे होते, करणारे आणि काढणारे दुसरे. आपल्याकडं करणारेच आपण आहोत. अथणीत, निपाणीत, चिकोडी-रायबागच्या गावांत शेकडो वर्षं हात चाललेत. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आठ जिल्हे धरले गेले, महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. राज्यांच्या भांडणात आपली निम्मी उमर गेली, पण या एका कागदावर दोन्ही राज्यांची चामड्याच्या धंद्याची महामंडळं, लिडकॉम आणि लिडकर, शेजारी शेजारी आहेत. आणि तरी चप्पल कुणी काढली, कुणाच्या हातची, हे डब्यावर कुठं असतं? तुझ्या आईच्या वेणीला नाव आहे का? दलाल जोडीचे पैसे मोजतो, वेणीचे वेगळे धरतो, आणि बाईचं नाव त्याला माहीत नसतं.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. लपवायचं नाही. सांगायचं, आणि नीट शिकून सांगायचं.

तुझे बाबा दिवसभरात जे करतात त्यात डिझाईनचे किती निर्णय असतात ते मोज. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं ते बोटांनी दाबून बघतात आणि ठरवतात, हा भाग तळाला, हा पट्ट्याला, हा कानाला. कातडं कुठल्या बाजूला ताणतं, कुठल्या बाजूला नाही, हे त्यांना हाताला कळतं. खिळा नाही, कातड्याच्याच वादीनं शिवण, त्यामुळे शिवण आणि तळ एकाच चालीनं झिजतात. पट्ट्याची जागा दोन सूत पुढं गेली की अंगठ्यावर भार येतो, मागं गेली की चालताना टाच निसटते. नव्या जोडीला तेल किती द्यायचं, किती दिवसांनी ती पायाचा आकार धरते, हे त्यांना ठाऊक आहे. आंबूरला मी पाहिलं, याच गोष्टी इंजिनियर लोक ताण, भार आणि झिजेचे तक्ते करून लिहितात. तुझ्या बाबांनी लिहिलेलं नाही एवढाच फरक.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा वही घेऊन त्यांच्याजवळ बस. एकच जोड घे. वरून, बाजूनं, तळाकडून, तिन्ही चित्रं मापासकट. मग सगळे भाग सुटे करून एकावर एक काढ. प्रत्येक भागाशेजारी लिही, हे असं का. 'का'चं उत्तर बाबांना विचार, तुझं घालू नको. 'पूर्वीपासून असंच आहे' म्हणाले तर विचार, बदललं तर काय बिघडेल? तिथून खरं बोलणं सुरू होतं.

त्याच्या पुढची पानं खेळाची. तू कबड्डीच्या संघांच्या जर्सी करतोस. त्या पोरांचे पाय बघितलेस का? मातीवर सराव, स्पर्धा मॅटवर. खो-खोचा धावणारा खांबाला वळसा घालतो तेव्हा बुटाच्या बाहेरच्या कडेवर किती जोर येतो? आपल्या लाल मातीत तळ कसा धरला पाहिजे? एक खेळ घे, एक खेळाडू घे, त्याचे जुने बूट मागून घे आणि कुठं झिजलेत ते काढ. आणि मग वेणीचं, वादीचं, एकाच कातड्यातून निघणाऱ्या पट्ट्याचं जे शहाणपण आहे ते त्या बुटात कसं येईल ते शोध. अशी वही घेऊन गेलास की समोरच्याला पानं उलटता येणार नाहीत. आणि तरीही उलटली, तर ती जागा तुझ्या कामाची नाही.

अजून एक. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं लेदर सँडल म्हटलं. गदारोळ झाला, मग प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं त्यांनी मान्य केलं आणि डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकरबरोबर करार झाला. आता हे बघ. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॅपर डॅन नावाचा शिंपी होता, १९८२ मध्ये १२५व्या रस्त्यावर दुकान काढलेला. मोठ्या ब्रँडची चिन्हं वापरून तो रॅपर आणि खेळाडूंना कपडे शिवायचा. ब्रँडवाले कोर्टात गेले, धाडी पडल्या, १९९२ मध्ये दुकान बंद झालं. आणि २०१७ मध्ये गुचीनं जे जाकीट रॅम्पवर आणलं ते त्यानं डायन डिक्सन या ऑलिंपिक धावपटूसाठी शिवलेल्या जाकिटासारखं! तिथंही आरडाओरड झाली आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या साथीनं त्याचं दुकान हार्लेममध्ये पुन्हा उघडलं. दोन्हीकडं बोलणारी माणसं होती म्हणून झालं. पण डॅपर डॅनचं नाव जगाला माहीत होतं. आपल्याकडं महामंडळाचं नाव आलं, कारागिराचं एकाचंही नाव कुणाला सांगता येत नाही. ते नाव वहीत, डब्यावर, बिलावर यायला हवं आणि ते आणायचं काम तुझ्यासारख्या पोरांचं आहे.

रिटायर्ड_मास्तर_चिकोडी

ताईंनी बुटांचं सांगितलं. त्यातलं मला कळत नाही. मी इतिहासाचा मास्तर, म्हणून एवढंच.

पोरा, 'तसलं आपल्याकडं कुणी केलंय का' असं विचारलास. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली होती. अध्यक्ष बाबासाहेब. त्याच्या आधीच्याच वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली होती, आणि तिच्या कामात वसतिगृह, वाचनालय, शिक्षण ही पहिली होती. गावागावांतून माणसं चालत, गाडीनं निपाणीला आली. आपल्याच मातीत हे झालंय, त्याला शंभर वर्षं होऊन गेली.

आणि अमेरिकेचा धागा म्हणशील तर तोही जुना आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या तिकडच्या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडं जो अर्ज केला होता त्याची प्रत मागितली होती, आपल्या लोकांसाठीही तसंच काही करावं असा विचार होता. डुबॉइसनी उत्तर पाठवलं. पुढं १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हा तू एडवर्ड्सचं वाचून झोप उडाली म्हणतोस, ते मला अगदी समजतं. आमच्या वयाच्या माणसांची झोप पँथरनं उडवली होती.

संकेश्वर_शूज

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मीही त्याच समाजातला. वडिलांची रापी आणि आरी, कातडं कापायची आणि शिवायची हत्यारं, मी स्वतः गोणीत बांधून माळ्यावर टाकली आणि रेडिमेड बुटांचं दुकान घातलं. माझी मुलगी इंजिनियरिंगला आहे. तिला कुणी विचारलं तर ती सांगते, वडिलांचं दुकान आहे. तिथं विषय संपतो.

एडवर्ड्सचं बघून तुम्ही चपला करणाऱ्यांच्या मुलांचा वेगळा गट करणार, म्हणजे जो शिक्का पुसायला आमची जिंदगी गेली तो पुन्हा कपाळावर मारून घेणार. पोराला चित्र येतं ना? मग जाऊ दे की त्याला चित्राच्या जोरावर. कुणाचा पोरगा हे सांगायची काय गरज?

निपाणीची_ताई

दादा, राग कसला? तुम्ही बोललात ते माझ्या घरात रोज बोललं जायचं. माझ्या आईनं मला लग्नाआधी बजावलं होतं, सासरी वडिलांचं काम विचारलं तर 'व्यापार' सांग. तुमच्या मुलीनं काय सांगायचं ते तिचं. तिला त्रास होऊ नये म्हणून तुम्ही जे केलंत त्यावर बोट ठेवायचा मला अधिकार नाही.

पण या पोराचं तुम्ही वाचलंत ना? चित्राच्या जोरावरच गेला होता तो. समोरच्यानं वडिलांचं काम विचारलं आणि मगच वही मिटली. न सांगता आत गेला असता तरी आडनावावरून, गावावरून कधीतरी कळलंच असतं, आणि तोवर तो रोज घाबरत बसला असता. मी बसले आहे तशी, म्हणून सांगते. त्या भीतीत हात चालत नाही.

एडवर्ड्सची अकादमी फक्त कृष्णवर्णीयांसाठी नव्हती. सगळे यायचे. पण दारात उभं असलेल्या काळ्या पोराला तिथं आपला माणूस शिकवताना दिसायचा, आणि 'तुझ्यासारखे डिझायनर होत नसतात' हे वाक्य तिथं कुणी बोलणार नव्हतं. त्यानं पुढं काय केलं तेही ऐका. डेट्रॉइटमध्ये लुईस कॉलेज ऑफ बिझनेस म्हणून कृष्णवर्णीयांचं जुनं कॉलेज होतं. व्हायलेट लुईस या बाईंनी १९२८ मध्ये इंडियानापोलिसला सुरू केलेलं, मग डेट्रॉइटला आणलेलं. २०१३ मध्ये ते बंद पडलं. एडवर्ड्सनं त्या बाईंच्या घरच्यांशी बोलून, राज्य सरकारकडून कायदा करून घेऊन, २०२२ मध्ये ते डिझाईनचं कॉलेज म्हणून पुन्हा उघडलं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचं बंद पडलेलं कॉलेज असं परत सुरू होण्याची ती पहिलीच वेळ. त्याला नवं नाव देऊन, नवी इमारत बांधून मोकळं होता आलं असतं. त्यानं लुईसबाईंचं नाव पाटीवर ठेवलं, कारण त्या नावामागं हजारो बायकांना टायपिंग आणि हिशेब शिकवून नोकरीला लावलेलं काम होतं. त्याच सुमारास न्यू हॅम्पशरमध्ये त्यानं बुटांचा कारखानाही काढायला घेतला, म्हणजे काढणं आणि करणं दोन्ही आपल्या हातात.

तुमच्या माळ्यावरची रापी आणि आरी मला हवी आहेत, दादा. विकत नको, बघायला. जुन्या आरीचं टोक आताच्यापेक्षा वेगळं असायचं आणि त्यानं शिवण बारीक यायची असं माझे वडील सांगायचे. मला ते या पोरांना दाखवायचं आहे.

अथणीचा_पोरगा

ताई, मास्तर, सगळ्यांचे आभार. कालच बाबांशी फोनवर बोललो. पट्टा दोन सूत पुढं गेला तर काय होतं असं विचारल्यावर पहिल्यांदा हसले, मग जवळजवळ अर्धा तास बोलत होते. मध्येच आईनं फोन घेतला आणि म्हणाली, वेणी सात पदरांची का ते मला विचार, त्यांना काय कळतंय.

ताई, तुम्ही लिहिलंय 'या पोरांना दाखवायचं'. म्हणजे अजून कुणी आहेत का? मला तरी माझ्या ओळखीत कुणी नाही. आणि कंपन्या पैसे घालतील असं आपल्याकडं होईल का? पेन्सोलसारखं काही करायला जागा, मशीन, सगळं लागणार.

निपाणीची_ताई

आहेत. वडगावचा एक विणकराचा मुलगा आहे, साडीच्या किनारीवरून कापडी बुटाचं अप्पर, म्हणजे वरचा भाग, करतोय. खानापूरची एक मुलगी आहे, ती फुटबॉल खेळते आणि मुलींच्या पायाला बसेल असा बूट इथं मिळत नाही म्हणून स्वतःच लास्टवर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, माती लावून आकार करते. दोघंही माझ्याकडं वेगवेगळ्या वेळी आले, एकमेकांना ओळखत नाहीत. तू तिसरा.

कंपन्यांचं आत्ता डोक्यात घेऊ नको. एडवर्ड्सकडं वीस वर्षांचं नाव होतं, तेव्हा कंपन्यांनी त्याचा फोन उचलला. आपण आधी दाखवायला काहीतरी करू. तुझा जर्सीवाला मालक चांगला आहे म्हणालास. त्याला विचार, येत्या हंगामात एका कबड्डी संघाची जर्सी कुठलीही नक्कल न करता पहिल्यापासून काढायला देशील का? संघाशी बोलून, खेळाडूंची मापं घेऊन. कापड, छपाई त्याची, कल्पना तुझी, आणि आतल्या लेबलवर काढणाऱ्याचं नाव. तो हो म्हणाला तर तो आपला पहिला खरा ब्रीफ, म्हणजे गिऱ्हाइकानं दिलेलं काम. मी आणि वडगावचा पोरगा मदतीला आहोत. लिडकरच्या अथणीकडच्या कामाबद्दल मी माझ्या ओळखीत विचारून ठेवते.

मशीन आत्ता लागत नाही. पहिले दोन-तीन रविवार फक्त कागद. लास्टवर मास्किंग टेप घट्ट चिकटवायची, तिच्यावर पेन्सिलीनं बुटाच्या रेषा काढायच्या, टेप ब्लेडनं कापून सपाट कागदावर उतरवायची. तो तुझा पॅटर्न. मोठमोठ्या कंपन्यांतही सुरुवात अशीच होते. हुबळीचे पॅटर्नवाले दादा इथंच आहेत. दादा, महिन्यातून एकदा आलात तर येण्याजाण्याचं मी बघते.

आणि आईंना विचार. वेणीचा एक दिवस त्यांनी घ्यावा असं माझ्या मनात आहे. फुकट नाही, शिकवण्याचे पैसे ठरवून. दिवाळीच्या ऑर्डरीत त्यांना वेळ होणार नाही, त्याआधी किंवा नंतर, त्यांच्या सोयीनं.

हुबळी_पॅटर्नवाला

येतो. टेप जाड नको, अर्ध्या इंचाची पातळ घ्या, वळणावर सुरकुती पडत नाही. माझ्याकडं सहा, सात आणि आठ नंबरचे जुने लास्ट पडून आहेत, तेही आणतो.

संकेश्वर_शूज

ताई, माळ्यावरची गोणी काल खाली काढली. आरी दोन निघाल्या, एकीची मूठ शिसवीची आहे. रविवारी दुकान दुपारी बंद असतं, मी आणून दाखवतो. मुलीनं विचारलं कुठं जातोय, तिला हा धागा वाचायला दिलाय. टिळकवाडीत नेमकं कुठं यायचं ते निरोपात कळवा.